सोडलेलं कडवं

ताडकळस,
ता. १७ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. सत्यशीला हिस,

सूर्यभानदादाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझं कार्ड येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून मास्तरीणबाईंनी कान धरू नयेत, कारण बातमी मोठी आहे. आपल्या रुख्मिणीचं जमलं. मुलगा पूर्ण्याचा, रेल्वेत आहे, उंच आहे, बोलतो कमी. तुझी वहिनी म्हणते बरंच झालं, आपल्या घरात बोलणारे पुरेसे आहेत. लग्न वैशाखी पौर्णिमेला आपल्याच अंगणात धरलं आहे.

तारीख ठरवून पाहुणे गेले आणि मी पुढच्या खोलीत एकटाच बसलो. तुला आठवत असेल, ही खोली संध्याकाळी माणसांनी कशी ठासून भरायची. आबांची ढोलकी, नागनाथची पेटी, माझा आवाज (हसू नकोस), आणि आत चुलीपुढं भाकरी थापता थापता तू लावलेला सूर. तू आतून सूर द्यायचीस आणि बाहेर आम्ही तो धरायचो. माळवदावर बायका दाटीनं बसायच्या, बाजाराहून परतणारे लोक दारात गाठोडी टेकवायचे. आता त्याच खोलीत सरकीची पोती आहेत आणि एक रेडिओ आहे, तोही थापट मारल्याशिवाय बोलत नाही. आपली गायन पार्टी कुणाशी भांडून मोडली नाही. आबा गेले, तू सासरी गेलीस, नागनाथ परभणीला कारकून झाला, आणि एक दिवस संध्याकाळी कोणी आलंच नाही.

मी ठरवलं आहे की लेकीला या घरातून मुक्यानं पाठवायचं नाही. लग्नाची जेवणं उरकली की ताडकळसची गायन पार्टी एकदा बसवायची. नागनाथ हो म्हणाला आहे. तू पंधरा दिवस आधी ये आणि घसा घेऊन ये. दाजींनाही अगत्यानं आण. त्यांचा मानपान मी करीन, पण गाण्याचं त्यांना विचारणार नाही. ते आपल्या पिंगळीवाल्यांना जमवून बैठका गाजवत असतील, खुशाल गाजवोत. माझ्या घरी त्यांनी भर बैठकीत तोंड मिटलं, ते मी विसरलेलो नाही.

पोरांना पापा. लोभ आहे तो वाढता ठेव.

तुझा,
दादा


राणीसावरगाव,
ता. २६ फेब्रुवारी १९७४

ती. दादाच्या सेवेशी,

सत्याचा सादर जयभीम. वि. वि. पत्र शाळेतच मिळालं. चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले आणि दोनदा वाचलं. रुख्मीला कडेवर घेऊन मी चुलीशी बसलेली आहे, तिचं लग्न म्हटल्यावर मला एकदम माझे गुडघे आठवले. ह्यांनी तर लगेच फर्मान काढलं की नवरीचे झंपर मी शिवणार. फक्त वहिनीनं माप अंदाजानं पाठवू नये. मागच्या खेपेला तिच्या अंदाजानं तुझा सदरा शिवला, त्याचा तंबू झाला होता.

घराबद्दल लिहिलंस ते वाचून डोळे भरले, खोटं कशाला सांगू. मला त्या खोलीतला गॅसबत्तीचा वाससुद्धा आठवतो. तेव्हा घसा दुखतो म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आता दिवसभर पोरांवर ओरडून संध्याकाळी हळद-दूध लागतं.

पण दादा, गाण्याचं माझं उत्तर तुला आवडणार नाही. मी येईन, डाळी निवडीन, पाहुण्यांची उष्टी काढीन, पण गाणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या भीमजयंतीला मी ह्यांना घेऊन केवढ्या हौशीनं माहेरी आले होते. ताडकळसचा सूर्यभान आणि पिंगळीचा भुजंग इतकी वर्षं सामन्यात एकमेकांविरुद्ध गायले, आता एका पेटीवर गातील, असं मनात धरून आले होते. त्या दिवशी मी आत चुलीशी होते. मला एवढंच कळलं की पेटी मध्येच थांबली. तू म्हणालास त्यानं माझा मान ठेवला नाही, हे म्हणाले तुझ्या भावानं माझी फजिती केली. याच्या पुढं दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही. एकमेकांना आंबे पाठवता, आजारपणाला धावून जाता, आणि गाण्याचा विषय निघाला की दोघंही भिंतीकडे बघता. नवऱ्याला मुका बसवून मी भावाबरोबर कशी गाऊ? तुम्ही दोघं एका बैठकीत गाल त्या दिवशी मी गाईन. नाहीतर आपली रुख्मी रेडिओच्या तालावर सासरी जाईल.

पिंगळीच्या बैठकांबद्दल तू लिहिलंस, त्यावर मी काही लिहीत नाही.

वहिनीला जयभीम. माझ्या हट्टासकट माझ्यावर माया असू द्यावी.

तुझी,
सत्या


ताडकळस,
ता. १० मार्च १९७४

सौ. वन्संना केशरबाईचा जयभीम. मी सांगायलेय आन रुख्मी लिव्हायलीय, तवा आक्षर चांगलं दिसलं तर तिचं, आन बोलणं वाकडं वाटलं तरी तिचंच समजा.

तुमचं पत्र आल्यापासून तुमचे भाऊ येड्यावानी करायलेत. रोज सांजच्याला सरकीची पोती एका अंगाला सारतेत आन पेटी काढून बसतेत. पेटीत उंदरीनं बाळंतपण केलं व्हतं. दोन सूर वाजतच न्हाईत, ते आले की तुमचे भाऊ तोंडानं वाजवतेत. आवाज वर न्यायला गेले की चिरतो, मग खोकल्याचं निमित्त करतेत. परवा म्हशीनं दावं तोडलं. मी काई बोलले न्हाई, पण म्हशीला समजायलंय.

आता कामाचं. तुमी न्हाई म्हणलात तवापासून ह्यांना घास गोड लागंना. मी धरून बसवलं आन इचारलं की त्या जयंतीला नेमकं झालं काय व्हतं. इतकी वर्सं इचारलं न्हाई, कारण त्या दिवशी मी पाव्हण्यांच्या सैपाकात बेजार व्हते, आन नंतर इचारलं की हे उठून रानात जायचे. तर ते म्हणले की मी दाजीनं जोडलेलं गाणंच उचललं, लेक निघाली शाळेला, ते. पहिलं कडवं म्हणलं आन दुसरं सोडून दिलं. तुमाला तर मालूमच हाय, आबांनी घालून दिलेली रीत. पाव्हण्याला तोंडानं गा म्हणायचं न्हाई. त्याचंच गाणं अर्ध्यात सोडून गप बसायचं, म्हणजे पुढलं कडवं त्यानं उचलावं. ह्याच्यापरीस मोठा मान आपल्या पार्टीत न्हाई. मी हात जोडल्यावानी बसलो, म्हणले, आन दाजी नुसते बघत ऱ्हायले. सारी वस्ती बघायली व्हती. शेवटी मीच पेटी बंद केली. वन्सं, हे सांगताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आता ह्या वयात. तुमी दाजीला एकदा नीट इचारा.

झंपराचं माप दोऱ्यानं घेऊन पाठवलंय, आंदाज न्हाई.

ता. क. आत्या, मी रुख्मिणी. आईच्या बोलण्यातलं निम्मंच लिहिलं आहे, बाकीचं पोस्टमनच्या हाती देण्यासारखं नव्हतं. आपलं घर गायचं, हे मी सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. मला मात्र फक्त पोती आठवतात. जाण्याआधी एकदा ते ऐकायचं आहे. काही करा.


राणीसावरगाव,
ता. २४ मार्च १९७४

ती. दादाच्या सेवेशी,

सा. जयभीम. वि. वि. वहिनीचं पत्र वाचलं आणि ह्यांना मशीनवरून उठू न देता विचारलं. आधी म्हणाले सुई तुटेल. मग म्हणाले जुनं कशाला उकरतेस. मी दोरा तोडला आणि समोर बसले, तेव्हा बोलले.

दादा, पिंगळीत दुसऱ्याच्या गाण्याला कोणी हात लावत नाही. त्यांच्याकडे पाहुण्याला गायला बसवायचं तर यजमान उठतो आणि आपल्या हातातली झांज त्याच्या हातात देतो. झांज मिळायच्या आत पाहुण्यानं तोंड उघडलं तर तो आगाऊ ठरतो. त्या दिवशी हे बिचारे झांजेची वाट बघत बसले होते. तेवढ्यात तू ह्यांचंच गाणं उचललंस, अर्धं म्हटलंस आणि पेटी मिटलीस. ह्यांना वाटलं, सगळ्या सासुरवाडीसमोर मेव्हण्यानं दाखवून दिलं की तुझं गाणं पुरतं म्हणायच्याही लायकीचं नाही. नवा जावई, काय बोलणार होते?

मी आपल्या घरची रीत सांगितली. ह्यांनी रुख्मीच्या झंपराची शिवून झालेली बाही उसवली, परत शिवली, परत उसवली. मला आधी हसू आलं. मग तुम्हां दोघांचा इतका राग आला की संध्याकाळच्या भाकरी विटेएवढ्या जाड झाल्या आणि ह्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या. सायकलवर निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचेल एवढं अंतर दोन गावांत, आणि तेवढ्या वाटेवर रीत बदलते हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये. मी मध्ये उभी होते ना. मला एकदा कोणी सरळ सांगितलं असतं तर त्याच दिवशी मिटलं असतं.

आता पुढचं तुझ्याकडे. पत्रातून माफी-बिफी मागू नकोस. ह्यांना ती आवडणार नाही आणि तुला ती लिहिता येणार नाही.

वहिनीला सांग, माप झकास आहे. राग उतरला की लोभ करीनच, तोवर तू करत राहा.

सत्या


ताडकळस,
ता. १८ एप्रिल १९७४

चि. सौ. सत्यशीला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझं पत्र घेऊन माळवदावर जाऊन बसलो. पहिले दोन दिवस मी पिंगळीवाल्यांनाच शिव्या घातल्या. झांज हातात द्यायची ही काय रीत झाली? आपल्याकडे झांज रडणाऱ्या पोराच्या हातात देतात. तिसऱ्या दिवशी मात्र मला दाजींचा तो चेहरा दिसायला लागला. मी तो इतकी वर्षं माजोरी म्हणून लक्षात ठेवला होता. आता बघतो तर तो नवा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून झांजेची वाट बघणारा पोरगा आहे. मला फार वाईट वाटलं सत्या. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी त्यांच्याबद्दल वाकडंच सांगत आलो.

झांज मी देईन. ती घासून ठेवली आहे, तुझ्या वहिनीनं चिंच लावून चकचकीत केली आहे. भीती वेगळीच आहे. परवा जयंतीला मी धीर करून उभा राहिलो, तर दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. पोरं चांगली आहेत, हसली नाहीत, फक्त लाउडस्पीकरवर तबकडी लावून मोकळी झाली. माझा घसा म्हणजे गंजलेली कडी झाला आहे. दाजींचं तसं नाही, बैठकांत बसणाऱ्या माणसाचा गळा तयार असणार. लेकीच्या लग्नात, व्याह्यांपुढं त्यांनी उंच उचलायचं आणि मी खोकायचं, हे माझ्यानं होणार नाही. तरी तुम्ही या. बघू कसं होतं ते.

लोभ कमी करू नकोस, सध्या मला त्याची गरज आहे.

दादा


ताडकळस,
ता. ७ मे १९७४

चि. सौ. रुख्मिणी हिस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. उद्यापासून रेल्वेचा संप म्हणतात, म्हणून पूर्ण्याला निघालेल्या माणसाजवळच हे पत्र देते. संपामुळे जावईबापू घरीच असतील, तेव्हा त्यांनाही वाचून दाखव. कमी बोलणारी माणसं ऐकतात चांगलं.

काल निघताना तुझं तोंड एवढंसं झालं होतं. सगळ्यांना वाटलं माहेर सुटल्याचं दुःख. मला ठाऊक होतं की तू तुझ्या बापावर रुसली होतीस. जेवणं झाली, नागनाथकाका पेटी घेऊन बसले, आणि तुझे बाबा झांज हातात घेऊन मांडवभर हिंडले. दोनदा तुझ्या मामांजींपर्यंत, म्हणजे आमच्या ह्यांच्यापर्यंत, आले, दोनदा परत गेले. एकदा तर धीर सुटून ती झांज आचाऱ्याच्या हातात ठेवली. मग व्याह्यांना घाई झाली आणि तू गेलीस. आता जे झालं ते तुझ्यासाठीच होतं, म्हणून सगळं सांगते.

तू गेल्यावर घर असं पडलं की बघवेना. मांडवाची माणसं बांबू सोडत होती. तुझी आई पुढच्या खोलीत रिकाम्या ताटांपाशी बसली होती. तुझे मामांजी पिशवी घेऊन एस. टी. गाठायला निघाले, आणि तुझे बाबा आले ते थेट पेटीपाशी. कोणाकडे न बघता त्यांनी लेक निघाली शाळेला धरलं. आवाज दुसऱ्या ओळीला फाटला, पण थांबले नाहीत. पहिलं कडवं पुरं केलं, दुसरं सोडलं, आणि मग उठून मामांजींच्या हातातली पिशवी काढून घेतली नि झांज दिली. त्यांची रीतही झाली आणि आपलीही.

मामांजींनी तोंड उघडलं, आणि बाई, त्यांना कडवं आठवेना. स्वतः जोडलेलं गाणं. घसाही लागेना. बांबू सोडणारी माणसं हसायला लागली. तेव्हा त्यांनी झांज एकदा वाजवली आणि जागच्या जागी नवंच जोडलं,

लेक निघाली सासरला, मांडव पडला रिता,
दोन शहाणे रुसून बसले, गाइल कोण गं आता

तुझे बाबा एवढे हसले की पुढची ओळ त्यांना म्हणताच येईना. नागनाथकाकांनी पेटी दोन सूर खाली घेतली, आणि मी आतल्या दारातून आवाज लावला. मग वाटलं, आता दारात कशाला उभी राहू? बाहेर येऊन दोघांच्या मध्ये बसले. त्या खोलीत मी बाहेरच्या बाजूला पहिल्यांदाच बसले. दिवेलागणीपर्यंत गायलो. तिघांचेही आवाज फाटके. वस्तीतली पोरं गंमत बघायला आली होती, ती उठून गेली नाहीत. तुझी आई म्हणते, म्हैस गप होती.

तू हवी होतीस. तुला न्यायला मूळ येईल तेव्हा लगेच ये, तुझ्यासाठी पुन्हा बसू. सासूबाईंना जयभीम सांग आणि आत्याला विसरू नकोस.

तुझी,
आत्या


ताडकळस,
ता. २ जून १९७४

रा. रा. भुजंगराव दाजी यांस,

सूर्यभानचा सप्रेम जयभीम. वि. वि. आजवरचं प्रत्येक पत्र सत्याच्या नावानं लिहिलं, तुमच्या नावाचं हे पहिलंच.

पोती मागच्या पडवीत नेली. नागनाथ दर रविवारी येतो. पेटीचे दोन सूर त्यानं दुरुस्त केले, त्यामुळे माझ्या तोंडाचं काम कमी झालं. घरात पुन्हा माणसं बसतात, तुमची वहिनी चहाला वैतागल्याचं दाखवते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या दिवशी आपले आवाज फाटले याचं मला काही नाही. वय झालं. पण सामन्यात समोर बसून मी तुमचा आवाज ऐकलेला आहे. तुम्ही वर गेलात की माझे लोक माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायचो. त्यानंतर तो आवाज पिकला असेल, भरला असेल, ती सगळी वर्षं पिंगळीवाल्यांनी ऐकली आणि मी इथं रुसून बसलो. त्या लोकांचा मला हेवा वाटतो. माझ्या बहिणीच्या घरातलं गाणं, ते माझ्या हक्काचं होतं. एवढंच लिहायचं होतं.

पावसाच्या आत एकदा चक्कर टाका. माझ्यावर लोभ ठेवाल असं आता मोकळेपणानं लिहितो.

तुमचा,
सूर्यभान


राणीसावरगाव,
ता. १० जून १९७४

सूर्यभान मेव्हण्यांना भुजंगाचा जयभीम. मला कात्री धरायची सवय हाय, टाकाची न्हाई. ओळी तिरप्या गेल्या तर संभाळून घ्या.

पत्र पोचलं. सत्यानं वाचून दाखवलं, मग मी तिला दळणाला पाठवून पुन्हा एकट्यानं वाचलं. वहिनीला सांगा, चहाचा वैताग खरा आसंल तर मी आलो की दूध घालू नका, पाणी घाला.

तुमी पिंगळीवाल्यांचा हेवा करू नका. सत्यानं ही गोष्ट तुमाला कदी लिव्हली न्हाई, कारण मीच तिला तसं बजावलं व्हतं. त्या जयंतीहून घरी आलो त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. पिंगळीत लोक बोलवायचे, मी घसा बसलाय म्हणायचो. मग त्यांनी बोलवायचं सोडलं. सत्याला हितं नोकरी लागली तवा मशीन उचलून मी तिच्यामागं आलो, आन बरं वाटलं, कारण हितं कुणाला मालूमच न्हाई की मी गात व्हतो. वाटायचं, तुमाला शिक्षा करायलोय.

मधल्या वर्सांतला माझा आवाज तुमी ऐकला न्हाई म्हणून लिव्हलंत. मेव्हणे, तो मी बी ऐकला न्हाई.

शाळा उघडायच्या आत, शनवारच्या मोटारीनं आमी दोघं यायलोय. आठ दिवस ऱ्हाऊ. लोभ ऱ्हाऊ द्या, आवाजाचं जे व्हायचं ते व्हवू द्या.

तुमचा,
भुजंग